भातावरचा साल्सा

मी मोहर्लीजवळच्या, जंगलाला लागून असलेल्या एका रिसॉर्टच्या जेवणघरात काम करते. टेबलं लावायची, पाहुण्यांना वाढायचं, स्टोअरमधून काय हवं-नको ते काढून आणायचं, हे माझं काम. स्वयंपाकाशी माझा संबंध नाही. साल्सा, म्हणजे चिप्स बुडवून खायची ती परदेशी चटणी, मात्र माझ्या ताब्यात आहे, आणि तो माझ्या ताब्यात आला आमच्या आचाऱ्यामुळे.

साल्साच्या बरण्या पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मालक नागपूरला गेले होते. आचाऱ्यानं एक बरणी उघडली, चमचाभर तोंडात टाकलं आणि जाहीर केलं, "हे तं अर्धंच झालं हाये. फोडनी राह्यली याची." मग त्यानं कढईत तेल तापवलं, मोहरी-जिरं तडतडवलं, लसूण लाल केला आणि अख्खी बरणी त्यात उपडी केली. वरून सांबार भुरभुरला. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला सांबारच म्हणतात. गरम वाट्या भाताबरोबर टेबलावर गेल्या. तिथे एक कुटुंब चिप्सची पिशवी फोडून वाट पाहत बसलं होतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, भातावर घेऊन खाल्लं आणि आणखी मागितलं. तरी मालकांच्या कानावर गेलंच. तेव्हापासून हुकूम असा, की साल्सा काढायचा मी, उघडायचा मी, थंड वाटीत घालून चिप्सबरोबर न्यायचा मी. आचाऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. आपलंच बरोबर होतं असं तो अजून म्हणतो, आणि मलाही मनातून तसंच वाटतं.

पावसाळ्यात जंगलाचं मुख्य गेट बंद होतं, रिसॉर्टही बंद होतं आणि आम्ही आपापल्या गावी रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला जातो. यंदा निघताना मॅनेजरनं माझ्या हातात एक खोकं दिलं. त्यात चार कंपन्यांच्या चार बरण्या होत्या. "पुढच्या सीझनला एकच ठेवायचा आहे. घरी नीट खाऊन बघा आणि कोणता चांगला ते कळवा." मी चिप्स मागितले तर ते संपले होते. चिप्सशिवाय कसं कळणार असं विचारलं तर म्हणाला, "चव ती चव." शहाणा माणूस! मला राग आला, पण खोकं घेतलं. फुकट मिळालेल्या वस्तूला नाही म्हणावं इतकी मी काही मोठी झालेली नाही.

घरी सासूबाई होत्या. गावात लग्न असो, तेरवी असो की मारुतीच्या देवळाचा भंडारा, चुलीपुढे त्याच असायच्या. वरण, भात आणि वांग्याची भाजी, तीही गावजेवणाच्या मापानं. त्यांची ख्याती अशी, की त्या कधी चाखत नाहीत. देवाला दाखवायच्या आधी जेवण उष्टं करायचं नाही हा नियम सगळ्याच बायका पाळतात, पण बाकीच्या अंदाजानं मीठ टाकतात आणि मनातून घाबरलेल्या असतात. सासूबाई मोठ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, वाकून वाफ घ्यायच्या. मीठ बरोबर पडलं की वरणाचा वास बसतो, कमी असलं तर तो उंडारतो, असं त्या सांगायच्या. मला तो वास बसलेलाही कधी कळला नाही आणि उंडारलेलाही नाही. पण लग्न होऊन आल्यापासून त्यांचं मीठ चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

मागच्या थंडीत त्यांना ताप आला म्हणून मी रजा घेऊन घरी आले होते. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. हे मला कळलं दुधामुळे. मी विहिरीवरून आले तर अंगणापर्यंत करपल्याचा वास, आणि सासूबाई चुलीच्या बाजूलाच तांदूळ निवडत बसलेल्या. मी धावत जाऊन भांडं उतरवलं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कोनाले सांगू नको," त्या म्हणाल्या. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही, म्हणजे त्यांच्या मुलालाही नाही. गुडघ्याचं निमित्त करून मी त्यांना चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. परत येईल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर गुडघ्याचं मलम तेवढं त्यांनी सगळ्यांना दाखवलं.

उन्हाळ्यात एका तेरवीचं वरण अळणी झालं. लोक चांगले आहेत आमच्याकडचे. "उनात मीठ कमीच बरं," असं म्हणून जेवून गेले. पण गावात काही जण आधीपासून म्हणत होते, की भंडाऱ्याला चंद्रपूरचा केटरर बोलवावा, आता कोण बसतं चुलीपुढे, गाडी येते, वाढून देते, भांडीसुद्धा घेऊन जाते. तेरवीनंतर हे बोलणं वाढलं. सासूबाईंना ते कळत होतं. भंडाऱ्यात पुन्हा मीठ चुकलं असतं, तर चुलीपुढची त्यांची जागा कायमची गेली असती. आणि त्या जागेवाचून त्या काय आहेत, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्या विधवा, शेत मुलाच्या हाती, घर माझ्या हाती. गावात लोक त्यांना वाट सोडून देतात, ती त्या भाजीमुळे.

आमचा भंडारा रोवणी उरकल्यावर असतो. मी घरी आले त्याच आठवड्यात गावातले दोघे नारळ घेऊन आले. चुलीचं काम सांगायला आले की नारळ देतात, ही रीत. मी ओट्यावरच होते. मला वाटलं, आता त्या गुडघ्याचं कारण पुढे करतील. त्यांनी नारळ घेतला, पदराला लावला आणि वांगी कुणाच्या वावरातली आणायची ते विचारलं.

ते गेल्यावर मी सरळ बोलले. "आई, कसं करान तुमी? मीठ कसं कळन?"

"हात सांगते मले."

"तेरवीले काऊन नाई सांगतलं मंग हातानं?"

त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अबोला धरायचं ठरवलं तर मीही कुणाला हार जात नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस एवढा पडला की वावरात जाताच येईना. नवरा बांध पाहायला गेला. मी मुद्दाम भांडी आपटत ते खोकं उघडलं. चारी बरण्या ओळीनं मांडल्या, गरम भात काढला, एका परातीत चार ढीग केले. आमच्याकडे चटणीची परीक्षा भातावरच होते. नुसती बोटावर घेऊन कोणतीही चटणी बरी लागते, भातात गेली की तिचं खरं रूप बाहेर येतं. परात पाहून सासूबाई अबोला विसरल्या.

"काय करून राह्यली वं?"

मी सांगितलं. त्यांनी एक बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरली, हलवली. "ही तं भेदराची चटनी होय." भेदरं म्हणजे टोमॅटो. मग झाकण उघडून त्यांनी बरणी नाकाशी नेली आणि डोळे मिटले, अगदी गंजावर मिटायच्या तसे. मला ते पाहवेना. मी म्हणाले, "वास आहे ना, असा..."

"सांगू नको," त्यांनी मला तिथेच थांबवलं. बरणी खाली ठेवली. मग विचारलं, "कांदा-लसून हाये का यात?"

मी चारी लेबलं वाचली. चारींत होता.

"मंग देवाचं काई नाई यात. चाखलं तरी चालते."

आणि परातीसमोर मांडी घालून बसल्या. आजवर मी त्यांना जेवताना पाहिलं होतं, पण पारख करायला म्हणून काही तोंडात घालताना पाहिलं नव्हतं. गंमत वाटली मला, आणि थोडं वाईटही.

पहिला साल्सा गुळगुळीत होता, एक फोड सापडेल तर शपथ. भातावर ओघळला आणि खाली जाऊन बसला. गोड. समोशाबरोबरच्या सॉसचा भाऊच, बरणी तेवढी महागाची. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि ढीग बाजूला सारला. "लेकरायचं हाये हे."

दुसऱ्यात भेदराच्या फोडी दिसत होत्या, कांदा होता, मक्याचे दाणे होते. मला तो साधाच वाटला, वासालाही फार काही नाही. सासूबाईंनी घास घोळवून घोळवून खाल्ला. "मीठ बरोबर. आंबट भेदराचंच हाये, वरून घातलेलं नाई." मका काढून त्यांनी परातीच्या काठावर ठेवला. मक्याचं प्रयोजन त्यांना पटलं नाही.

तिसरा उघडला आणि मी खूशच झाले. भाजलेल्या मिरचीचा, धुराचा वास. निखाऱ्यावर भेदरं भाजून वाटली की घरभर होतो तसा. लेबलवर अतितिखट असं लिहून मिरचीचं चित्र काढलं होतं. तिखट कसलं, आमच्याकडची शाळेत जाणारी पोरं रोज डब्यात त्याहून तिखट नेतात, पण वास मात्र लाखात एक. मी दोन घास खाल्ले आणि मनात निकाल लावून टाकला. सासूबाईंनी एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे खराब हाये."

"आई, हाच तं चांगला आहे!"

"काय चांगलं हाये यात? मीठ जास्त, आंबट घशाले लागते, आन मांगून कडू."

चौथा हिरवा. कच्च्या भेदरांचा असावा, त्यात सांबार भरपूर. मला बरा वाटला. सासूबाई म्हणाल्या, आंबट हाये, बाकी काही समजत नाही. सांबाराचं त्यांना काही कळलं नाही, हे मला दिसलं.

मग आमचं तिसऱ्यावरून जुंपलं. मी म्हणत होते तिसरा, त्या म्हणत होत्या दुसरा. मी चिडून एवढंही म्हणाले, की तुम्हाला वासच येत नाही तर तुम्ही काय सांगणार. बोलून गेले. त्यांनी परात उचलली, उरलेला भात एकत्र कालवला आणि कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनी मका आधी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच घरात होते. कामात लक्ष लागेना. बरण्या पुन्हा काढल्या, डाव्या हातानं नाक गच्च दाबून धरलं आणि तिसरा साल्सा चमच्यानं तोंडात घातला. धूर गेला. भाजलेली मिरची गेली. उरलं ते खारट, आंबट आणि मागून कडू. अगदी त्या म्हणाल्या तेच आणि त्याच क्रमानं. नाक सोडलं तर पुन्हा लाखात एक. पुन्हा दाबलं, पुन्हा खारट. मग दुसरा घेतला. नाक दाबूनही तो होता तसाच राहिला, मीठ जागच्या जागी. मी कितीतरी वेळ तिथे नाक धरून उभी होते. कुणी पाहिलं असतं तर डोकं फिरलं म्हटलं असतं.

मॅनेजरला मी दुसरा कळवला. त्यानं कारण विचारलं तर मी म्हणाले, त्यात मीठ बरोबर आहे. त्यानं नंतर मागवला पहिलाच, गोड, कारण पाहुण्यांची मुलं तो खातात. तेही एका अर्थानं सासूबाईंनी सांगितलंच होतं. पण त्या दिवशी मला साल्साचं काही पडलेलं नव्हतं. सासूबाई वावरातून आल्या, पाय धुतले, आणि मी दारातच सुरुवात केली. "आई, नाक गेलं तुमचं, जीभ नाही गेली. मीठ जिभेनं कळते तुमाले. माझ्याहून चांगलं कळते. भंडाऱ्यात चाखा."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "देवाच्या आधी?"

मी आणखी चिडले आणि म्हणाले, मग करा अळणी. नंतर मागच्या दारी जाऊन रडले, हे खरं आहे. सासूवर रडायची वेळ माझ्यावर लग्नाच्या पहिल्या वर्षीही आली नव्हती.

उत्तर त्यांनीच काढलं, आणि मला काही न सांगता काढलं. भंडाऱ्याच्या दिवशी सकाळी देवळामागे मोठ्या चुली पेटल्या. सासूबाईंनी घरून एक लहान पातेलं आणलं होतं. वांगी चिरून झाली, मसाला परतून झाला, तेव्हा मोठ्या गंजात मीठ टाकायच्या आधी त्यांनी त्यातलं थोडं त्या पातेल्यात काढलं आणि बाजूच्या चुलीवर वेगळं शिजवलं. वरणाचंही तसंच. शिजल्यावर ते पुजाऱ्याच्या हाती दिलं. "देवाचं घेऊन जा. दाखवून टाका." पुजारी म्हणाला, अजून तर सगळं व्हायचं आहे. "देवाचं झालं," त्या म्हणाल्या. तो गेला, आणि आतून घंटा ऐकू आली.

घंटा थांबली तशा त्या गंजाजवळ आल्या, अंदाजानं मीठ टाकलं, ढवळलं. पळीत भाजी काढली, उंचावरून तळहातावर थेंबभर ओतली आणि तो हात तोंडाला लावला.

तांदूळ धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. पाणी भरणारे थांबले. तिथे पाटावर एक म्हातारेबुवा बसले होते, दरवर्षी चुलीजवळ बसतात आणि कुणाच्या तरी चुका काढतात. त्यांनीच विचारलं, "काऊन बाई, आज चाखून राह्यली?"

मला वाटलं, त्या म्हणतील गरम आहे का ते पाहत होते. किंवा काहीच म्हणणार नाहीत.

"नाक गेलं माह्यं, भाऊ," सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "थंडीपासून. वास नाई येत कशाचाच. तेरवीचं मीठ म्हनून चुकलं. देवाचं आधी काढून देल्लं, आता चाखून करतो."

माझा नवरा सरपणाची मोळी खांद्यावर घेऊन उभा होता. त्याला तेव्हाच कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तुला माहीत होतं का असं. मी मान खाली घातली आणि कांदा नसताना कांदा चिरायला लागल्यासारखं केलं.

म्हातारेबुवांनी पाट चुलीकडे थोडा सरकवला. मग म्हणाले, "मंग काय म्हनते जीभ?"

"मूठभर कमी हाये," सासूबाई म्हणाल्या, आणि मीठ घातलं.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. शेजारच्या एका बाईनं भाजी घेतली नाही, वरण-भात आणि बुंदी तेवढी खाल्ली. चाखलेलं ते चाखलेलं, असं ती पंगतीत म्हणाली, हळू नाही. केटररवाले पुढच्या वर्षी बोलणार नाहीत असंही नाही. पण भाजी गंजाच्या तळाला गेली. दुसऱ्या पंगतीला रस्सा पाण्यानं वाढवावा लागला, आणि त्यांनी पुन्हा तळहातावर घेतलं आणि पुन्हा मीठ घातलं, तेव्हा कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

चुलीवाल्या सगळ्यात शेवटी बसतात. आम्ही दोघी देवळाच्या मागच्या पायरीवर पत्रावळ घेऊन बसलो. सासूबाईंनी भाजीचा घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ बरोबर हाये," त्या म्हणाल्या.

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी दुसरा घास केला, पण तो हातातच ठेवला. "वांगं कसं लागून राह्यलं?"

"चांगलं."

"चांगलं मंजे काय? चांगलं तं मलेही समजते सगळे खाऊन गेले म्हनून. सांग ना."

मग मी सांगितलं. वांग्याचं साल गंजाला लागून जरा करपलं आहे, त्याचा वास वर येतो. खोबरं चांगलं लाल झालं आहे. सांबार शेवटी टाकला म्हणून त्याचा वास अजून कच्चा, हिरवा आहे, आणि सगळ्याच्या खाली लाकडाचा धूर आहे, ओल्या लाकडाचा. मला असं बोलायची सवय नाही, शब्द सुचेनात, मी अडखळत होते. त्यांनी मला थांबवलं नाही. हातातला घास तोंडात घातला आणि माझ्या तोंडाकडे पाहत चावू लागल्या.

"आनखी सांग," त्या म्हणाल्या.